मुरूडचा होमस्टे, अंगणातला सिनेमा आणि जंजिऱ्याची होडी : दोन रात्री राहून आलो त्याचा रिव्ह्यू

मोठं लिहिणार आहे हे आधीच सांगते. ज्यांना रूम कशी आणि मासे कसे एवढंच बघायचंय त्यांच्यासाठी ते पहिल्यांदा लिहून टाकते. रूम साधी पण स्वच्छ, चादरी उन्हात वाळवलेल्या, बाथरूम लहान आणि गरम पाणी बंबातलं त्यामुळे सकाळी लवकर उठलात तर मिळेल नाहीतर वाट बघा. एसी आहे पण आम्ही लावला नाही, सुपारीच्या वाडीत घर आहे, रात्री गार वारा येतो. डास भरपूर, क्रीम घेऊन जाच. जेवण काकूंच्या हातचं, त्यात खोट काढायला जागा नाही, मांदेली तळलेली, कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी खरी आगळाची, पावडरची नाही, आणि सकाळी घावणे नि नारळाचा रस. माझी मुलगी घरी अर्धी पोळी खाते तिने सहा घावणे खाल्ले.

आता खरं लिहायचंय ते.

आम्ही महाडचे. मी शाळेत शिकवते, नवरा एसटीत आहे, मुलगी अकरा वर्षांची. म्हसळ्यावरून दिघीला आलो, तिथून गाडी जंगलजेट्टीवर चढवली आणि आगरदांड्याला उतरलो, मुंबईकडून येणारे रेवदंडा काशीद करत येतात पण आमच्या बाजूच्या लोकांना हाच रस्ता बरा, आणि मुलांना बोटीत गाडी जाते याचीच मजा वाटते. होमस्टे मी मुद्दाम शोधला होता कारण एका मैत्रिणीने सांगितलं होतं की तिथले काका शनिवारी रात्री अंगणात सिनेमा दाखवतात आणि तोही टीव्हीवर लागतो तसला नाही. काका बोटीवर होते, तीस वर्षं जहाजावर काढली, मोंबासा, डर्बन, न्यू ऑर्लिन्स अशी बंदरं बघितलेला माणूस. पॅकेजमधे दोन रात्री, सगळं जेवण, जंजिऱ्याची होडी आणि गाईड, आणि सिनेमा असं सगळं धरलेलं होतं.

जंजिऱ्याला शनिवारी सकाळी गेलो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात, मशीन नाही, शीड उभारलं की होडी एका अंगावर कलते आणि पाणी हाताला लागतं, मुलगी एकदम खूश. होडी भरलेली होती, तीस एक माणसं असतील. होडी सुटली तसा गाईड पुढे उभा राहिला आणि सुरू झाला. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. पण काय पाठ केलेलं होतं ते ऐका. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतले काळे हबशी, काळेकुट्ट, राक्षसासारखे, रात्री समोर उभे राहिले तर फक्त दात दिसायचे, लोक हसले. मग म्हणाला लहान मुलं नुसती बघून तापाने फणफणायची. परत हसले. आमच्या मागे कॉलेजच्या पोरांचा ग्रुप होता, त्यातल्या एका सावळ्या मुलाला बाकीचे म्हणाले, भावा तुझं गाव आलं बघ. तोही हसला, हसणार नाही तर काय करणार बिचारा. आणि माझ्या बाजूला माझी मुलगी बसली होती जी आमच्या दोघांपेक्षाही काळी आहे, माझ्या आईवर गेलीये, तिने टोपी पुढे ओढून घेतली आणि मग किल्ल्यात तासभर होतो तोवर तिने एकही प्रश्न विचारला नाही. ही मुलगी प्रश्नाशिवाय दोन मिनिटं राहत नाही.

किल्ला काय आहे हो! दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, तटात लपवलेला आहे. आत शिरताना दगडात कोरलेलं एक जनावर आहे, पंजात हत्ती धरलेले. चारी बाजूला खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. कलालबांगडी तोफ अजून तशीच पडलेली आहे, हात लावलात तर उन्हाने चटका बसतो. गाईडने तोफेचं वजन सांगितलं, मारा किती लांब जायचा ते सांगितलं, सगळं सांगितलं, पण ही माणसं इथे आली कशी ते नाही सांगितलं. आफ्रिकेतून कोकणात माणूस चालत येत नाही ना? मी विचारलं तर म्हणाला मॅडम व्यापारी वगैरे होते, वेळ कमी आहे, पुढे चला.

म्हणून इथे स्पष्ट लिहिते, गाईडला माझ्याकडून पाचात एक. तो एक पण होडीतून उतरताना मुलीचा हात नीट धरला म्हणून. तो माणूस वाईट नाही, त्याला कोणी तेच शिकवलंय आणि लोक हसतात म्हणून तो तेच रोज बोलतो. पण पैसे घेऊन इतिहास सांगायचा तर तो माणसाच्या कातडीवर सांगू नये.

दुपारी जेवताना मी काकांना हे सांगितलं. मला वाटलं म्हणतील अहो चालतंच ते, मनावर घेऊ नका. तसं म्हणाले नाहीत. ताट बाजूला सरकवलं, पोरीकडे बघितलं आणि म्हणाले उद्या सकाळी सहा वाजता तयार राहा, मी तुम्हाला घेऊन जातो, त्याचे पैसे नाहीत. आणि त्या गाईडशी मी बोलतो.

रात्रीच्या सिनेमाचं आता. जेवणं उरकून साडेआठला सुरू होणार होता, नऊला झाला. गोठ्याची मागची भिंत चुना मारून पांढरी केलीये तोच पडदा. खाली चटया, म्हाताऱ्यांना खुर्च्या, समोर प्रोजेक्टर, एक स्पीकर. पाहुणे आम्ही आणि पुण्याचं एक जोडपं, पण शेजारपाजारची माणसं येऊन वीस पंचवीस झाली, मासे विकून आलेल्या दोन कोळणी, एक आगरी आजी तिच्या नातवाला घेऊन, पोरंटोरं. सिनेमा होता विदिन अवर गेट्स, १९२० सालचा, मुका सिनेमा, काळा पांढरा. मला धसका बसला की ही एवढी माणसं शंभर वर्षापूर्वीचा मुका इंग्रजी सिनेमा कसा बघणार. तर काका भिंतीच्या बाजूला उभे राहिले आणि पडद्यावर जी वाक्यं येतात ती मराठीत मोठ्याने वाचायला लागले, वाचायला म्हणजे सांगायलाच, आपल्याकडे पोथी वाचताना एकजण अर्थ सांगतो ना तसं. पहिल्या दहा मिनिटांतच सगळे गप्प.

आधी त्यांनी थोडक्यात सांगितलं होतं ते लिहिते कारण त्यामुळे बघायला मदत झाली. दिग्दर्शक ऑस्कर मिशो, काळा माणूस, त्याचे वडील गुलामीत जन्मलेले. हा रेल्वेत पोर्टरचं काम करायचा, मग जमीन घेऊन शेती केली, मग पुस्तकं लिहिली आणि स्वतः घरोघर जाऊन विकली, आणि मग सिनेमे काढले, चाळीसच्या वर. काळ्या अमेरिकन दिग्दर्शकाचा पूर्ण लांबीचा जो सगळ्यात जुना सिनेमा आज उपलब्ध आहे तो हाच. आणि तोही हरवला होता. कित्येक वर्षं कुठेच नव्हता, मग त्याची एकच प्रिंट स्पेनमधे सापडली, नाव बदललेलं, पडद्यावरची वाक्यं स्पॅनिश, ती परत इंग्रजीत करून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ मधे सिनेमा नीट करून आणला. म्हणजे इंग्रजीचं स्पॅनिश, त्याचं परत इंग्रजी, आणि मुरूडच्या गोठ्याच्या भिंतीवर त्याचं मराठी. काका हे सांगताना इतके खूश होते की जणू त्यांनीच ती प्रिंट शोधून आणली.

आणि हा सिनेमा का काढावा लागला तेही सांगितलं. त्याच्या पाच वर्षं आधी १९१५ मधे द बर्थ ऑफ अ नेशन नावाचा सिनेमा आला होता, प्रचंड चालला, राष्ट्राध्यक्षांच्या व्हाइट हाऊसमधे पण दाखवला. त्यात काळी माणसं म्हणजे गोऱ्या बायकांच्या मागे लागणारे गुंड आणि त्यांना धडा शिकवणारी कू क्लक्स क्लान, म्हणजे काळ्यांना मारहाण करणारी गोऱ्यांची गुप्त संघटना, ती हीरो. आणि त्यातली मुख्य काळी पात्रं गोऱ्या नटांनीच केली होती, तोंडाला काळं फासून. त्या सिनेमानंतर कधीचीच संपलेली ती क्लान परत उभी राहिली. एक सिनेमा काय करू शकतो बघा.

तोंडाला काळं फासून म्हटल्यावर मी मुलीकडे बघितलं आणि तिने माझ्याकडे. गेल्या वर्षी तिच्या शाळेत गॅदरिंगला ऐतिहासिक नाटुकलं होतं, त्यात मावळे झाले ती गोरी नि गव्हाळ पोरं आणि सिद्दीचे सैनिक म्हणून जी चार मुलं निवडली त्यात ही. एकजण उजळ होता तर त्याच्या तोंडाला काजळ चोपडलं. हिला म्हणे मेकअप लागणारच नाही. ती घरी येऊन काही बोलली नाही, महिनाभराने बोलली. मी शिक्षिका असून मला ते त्या दिवशी मांडवात बसून खटकलं नव्हतं, मी टाळ्या वाजवल्या होत्या. तोंड काळं करणे म्हणजे आपल्या भाषेत काय ते सगळ्यांना माहितीये. त्या दिवशी मी शाळेत जाऊन बोलायला हवं होतं.

सिनेमाची गोष्ट सगळी सांगत नाही. सिल्व्हिया नावाची काळी मुलगी, शिक्षिका, दक्षिणेत काळ्या मुलांची शाळा पैशाअभावी बंद पडायला आलीये ती वाचवायला उत्तरेला बॉस्टनला पैसे मागायला जाते. (शिक्षिका म्हटल्यावर मी तिथेच अडकले.) वाटेत भली माणसं भेटतात, लबाड भेटतात, एक पैसेवाली बाई दुसरीला म्हणते काळ्यांना कशाला शिकवता, शेतावर राबू देत. एक काळा पाद्रीच आहे जो आपल्याच लोकांना सांगतो की शिक्षण नको मतदान नको, देव स्वर्गात देईल, आणि गोऱ्यांच्या खोलीतून लाथ खाऊन बाहेर आल्यावर एकटा असताना त्याचा चेहरा पडतो, तो चेहरा मला अजून दिसतोय. शेवटी मागची गोष्ट उलगडते. सिल्व्हियाला सांभाळणारा बाप कुळाने जमीन कसतो, ती शिकलेली असल्यामुळे हिशोब लिहून ठेवते, आणि तो हिशोब घेऊन बाप मालकाकडे जातो की माझी फेड झाली, हे बघा लिहिलंय.

इथे ती आगरी आजी खुर्चीतून मोठ्याने बोलली, “यो तर आमचा खोतच हाय गो!”

सगळ्या अंगणात एकदम बोलाबोली. काकांनी सिनेमा थांबवला. आजी सांगायला लागली की तिच्या सासऱ्याच्या वेळी खळ्यावरचं भात कसं आधी खोताच्या घरी जायचं, कुळाला लिहिता येत नसल्याने दरवर्षी फेड राहिलीच म्हणायचे. काका म्हणाले तुम्ही चरीचं नाव ऐकलंय ना. इथून वर अलिबाग तालुक्यात चरी म्हणून गाव आहे, तिथल्या नि आजूबाजूच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांची जमीन कसली नाही, संप केला, नारायण नागू पाटलांनी चालवला, लोकांनी पाला कंद खाऊन दिवस काढले, आणि बाबासाहेबांनी १९३७ मधे मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल आणलं ते याच पट्ट्यातल्या लोकांसाठी. पुण्याच्या जोडप्याला हे काहीच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही संप किती वर्षं चालला ते माहीत नव्हतं. त्या दहा मिनिटांसाठी मी परत पैसे देऊन जाईन.

मग पुढचा भाग. मालकाला दुसराच एक गोरा माणूस खिडकीतून गोळी घालतो आणि नाव येतं या बापावर. जमाव येतो. त्या जमावात बायका आहेत, लहान पोरं आहेत, जत्रेला आल्यासारखी. कोर्ट नाही काही नाही, फास. नवरा आणि बायको दोघांना. ज्या काळ्या नोकराने मालकाला खूश करायला चुगली केलेली असते त्यालाही जमाव सोडत नाही. मी मुलीचे डोळे झाकायला हात पुढे केला तर तिने हात खाली केला. काकांनी आधी सांगितलं होतं की शेवटी असं दृश्य आहे, लहान मुलांना आत नेलं तरी चालेल, काकूंनी आत कॅरम मांडून ठेवलेला. पण माझं म्हणणं आहे की हे बुकिंगच्या वेळीच फोनवर सांगावं, आईबापाला ठरवायला वेळ मिळतो. ही एक सूचना.

संपल्यावर कोणी उठलं नाही. मुलीने विचारलं हे खरंच व्हायचं का. काका म्हणाले हजारो वेळा झालं, आणि जमावाने असं मारणं हा देशपातळीवर वेगळा गुन्हा धरणारा कायदा अमेरिकेत २०२२ साली झाला, एमेट टिल नावाच्या चौदा वर्षाच्या काळ्या मुलाला १९५५ मधे मारलं होतं त्याचं नाव त्या कायद्याला आहे. सिनेमा १९२० चा, कायदा २०२२ चा. माझा नवरा बोलत नाही सहसा, तो म्हणाला चवदार तळ्याचं पण तसंच की. २० मार्च १९२७ ला आमच्या महाडला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे दलित लोक तिथलं पाणी प्यायले, तळं नगरपालिकेने आधीच सगळ्यांना खुलं केलेलं होतं कागदावर, तरी पिऊन झाल्यावर सवर्णांनी परतणाऱ्यांना मारलं, तळं गोमूत्राने शुद्ध केलं आणि वर कोर्टात गेले, हायकोर्टाचा निकाल १९३७ ला लागला. दहा वर्षं, एका ओंजळीसाठी. माझ्या नवऱ्याचे पणजोबा त्या दिवशी त्या गर्दीत होते, त्यांच्या डोक्याला खोक पडली होती, आमच्या घरात ही गोष्ट दरवर्षी सांगतात. पण ती गोष्ट आणि अमेरिकेतली ही गोष्ट एका अंगणात बसून मी पहिल्यांदा ऐकली. फुल्यांनी गुलामगिरी १८७३ मधे लिहिलं ते अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्या माणसांना अर्पण केलंय, म्हणजे पुण्यात बसलेल्या माणसाला दीडशे वर्षापूर्वी हे दिसलं होतं. आपण शाळेत अर्पणपत्रिका वाचतच नाही, धडा वाचतो आणि प्रश्नोत्तरं लिहून घेतो, मीही तेच करते.

मुलगी म्हणाली मी ब्लॅक पँथर बघितलाय, तो सुपरहीरोवाला. पुण्याची ताई म्हणाली अगं त्या नावाची खरीच संघटना होती ऑकलंडला, १९६६ पासून, आणि तिच्यावरून आपल्याकडे मुंबईत १९७२ ला दलित पँथर निघाली. मग क्रिकेटवर गाडी गेली, नवऱ्याने डॅरेन सॅमीचं सांगितलं, वेस्ट इंडिजला दोन टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकून देणारा कॅप्टन, जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने गुडघ्याखाली दाबून मारलं त्या २०२० च्या उन्हाळ्यात तो बोलला की आयपीएलमधे मला कालू म्हणायचे, मला वाटायचं काहीतरी चांगलं असेल, अर्थ मला आत्ता कळला. हे ऐकून ती कोळीण बाई हळूच म्हणाली आमच्या धाकट्याला सगळा वाडा काळूच म्हणतो, त्याचं नाव कोणाला माहीत पण नाही. नंतर ती काही बोलली नाही, टोपली उचलून गेली.

काकांना मी विचारलं तुम्हाला हा नाद कसा लागला. म्हणाले जहाजावर असताना एका बंदरात कामाला आलेल्या काळ्या माणसाबरोबर जेवायला बसलो तर आपल्याच देशाच्या माझ्या सहकाऱ्यांनी ताटं उचलून दुसरीकडे नेली. गोऱ्याने मला ब्राउन म्हणून हिणवलं की यांना राग यायचा, आणि हे स्वतः असे. तो माणूस मग रोज मला त्याच्या फोनवर सिनेमे दाखवायचा. घरी आल्यावर लॉकडाऊनमधे प्रोजेक्टर घेतला.

रविवारी सकाळी सहाला निघालो. राजपुरीजवळ खोकरीला सिद्द्यांच्या कबरी आहेत, दगडी घुमट, कमानी, जाळ्या, इतकं सुंदर काम, आणि आमच्याशिवाय तिथे फक्त बकऱ्या. सगळ्यात मोठा घुमट सिद्दी सिरुलखानाचा. काकांनी पायरीवर बसून जे सांगितलं ते मी मुलीसाठी वहीत लिहून घेतलं, आणि जे होडीत सांगायला हवं होतं ते हेच. हबशी म्हणजे हबशाणातला, हबशाण म्हणजे आजचा इथिओपिया आणि आसपास. सिद्दी हा शब्द सय्यदीवरून, माझे मालक असा मानाचा अर्थ. यातले बरेच लोक लहानपणी पकडून बाजारात विकलेले, अरबस्तानातून दख्खनला आणलेले. त्यातलाच एक मलिक अंबर, इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून कितीदा विकला गेला, निजामशाहीत आला आणि अहमदनगरचं राज्य चालवणारा वजीर झाला. खडकी म्हणजे आजचं संभाजीनगर त्याने वसवलं, तिथे नहर बांधून पाणी आणलं. मुघलांना गनिमी काव्याने बेजार केलं आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. जहांगीराला तो हरवता आला नाही म्हणून जहांगीराने चित्र काढून घेतलं, अंबरचं तोडलेलं डोकं भाल्यावर आणि बादशहा त्याला बाण मारतोय. खरं तर अंबर १६२६ ला म्हातारा होऊन मेला.

मुलगी म्हणाली पण सिद्दी महाराजांचे शत्रू होते ना. काका म्हणाले होते. जंजिऱ्याच्या सिद्दीने किनाऱ्यावर लुटालूट केली, गावं जाळली, माणसं पकडून नेली, म्हणून तर महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला, हे सगळं सांगायचंच, काही झाकायचं नाही. पन्हाळ्याला वेढा घालणारा जौहर सिद्दी होता. पण तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर गेला तो सिद्दी हिलाल, तोही सिद्दीच, आणि त्याचा तरणा मुलगा त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. मग काळ्या रंगाचा काय संबंध? कोण कोणाचं मीठ खातो त्याचा संबंध. राज्य होतं ते १९४८ पर्यंत टिकलं, राज्यकर्ते जसे असतात तसे होते.

आणि आजचे सिद्दी कुठे आहेत हेही सांगितलं. गुजरातेत गीरच्या बाजूला, कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलात यल्लापूर हल्याळला, त्यांना तिथे २००३ ला अनुसूचित जमातीत घेतलं, कोकणी कानडी बोलतात. कोकणी बोलतात हे ऐकून मुलगी चाट पडली. पिढ्यान्पिढ्या इथलीच माणसं आहेत ती आणि अजून बसमधे लोक त्यांना विचारतात कुठल्या देशातून आलात.

ती त्या मोठ्या कबरीच्या ओट्यावर बराच वेळ बसून होती. मग काकांना विचारलं, मलिक अंबर दिसायला कसा होता. काकांनी मोबाईलवर जुनं चित्र दाखवलं, पांढरा अंगरखा घातलेला, भारदस्त, काळाभोर. तिने ते चित्र मला पाठवायला लावलं. टोपी गाडीतच राहिली होती.

निघताना बिल केलं. पॅकेजचे ठरले तेवढेच घेतले, सकाळच्या फेरीचे देऊ केले ते घेतले नाहीत. गाईडशी बोललो म्हणाले, तो पहिल्यांदा चिडला, मग म्हणाला दुसरं काय सांगू ते लिहून द्या. काका लिहून देणार आहेत, दोन पानांत, होडीला लागतो तेवढ्या वेळात बसेल असं. तुम्ही कोणी त्यानंतर गेलात तर होडीत काय ऐकलंत ते इथे खाली नक्की लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

राहण्याला पाचात चार, गरम पाणी आणि डासांचा एक कापला. जेवण पाच. सिनेमा पाच, उशिरा सुरू झाला तरी. होडी पाच, गाईड वर लिहिलाच आहे.

जाणाऱ्यांसाठी : सिनेमा फक्त शनिवारी असतो आणि पावसाळ्यात बंद, होड्याही पावसाळ्यात बंद. पुढच्या महिन्यात कोणता दाखवणार ते फोनवर विचारा, लहान मुलं असतील तर त्यात काय आहे तेही विचारा. खोकरीला स्वतःहून कोणी नेत नाही, काकांना आदल्या रात्री सांगून ठेवा. बसायला चटई देतात पण थंडीत शाल न्या, दव पडतं. दिघीवरून येणार असाल तर परतीची शेवटची जेट्टी किती वाजता ते उतरतानाच विचारून घ्या, आमची पाच मिनिटांनी चुकता चुकता राहिली.